ईश्वरावाचून शपथ : सत्तेचा पाया नेमका कशावर?

आजचा धागा थोडा लांबणार आहे. प्रश्न जुना आहे आणि दर पिढीत नव्याने विचारला जातो : माणसांनी ईश्वर मानायचे सोडले, तर राजाज्ञा, कायदा, न्यायासन यांना मान कशासाठी द्यायचा? वरचा धनीच नाही म्हटल्यावर खालच्या धन्याचा अधिकार आला कोठून? या प्रश्नाचा माग आपण तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांत न काढता एका व्यवहारातल्या गोष्टीत काढू. ती गोष्ट म्हणजे शपथ. सत्ता आणि ईश्वर यांची गाठ प्रत्यक्ष मारली जाते ती शपथेत. ती गाठ सोडली तर काय होते, हेही तिथेच दिसते.

आरंभ घराजवळून करू. कल्याणहून कर्जतच्या दिशेने निघालेली लोकल विठ्ठलवाडी, उल्हासनगर मागे टाकून अंबरनाथला पोचते. तेथील शिवमंदिरात शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा, शिलालेख आहे. काळ शिलाहारांचा. ज्यांची राजधानी स्थानक, म्हणजे आजचे ठाणे, त्या उत्तर कोकणच्या शिलाहारांचा. याच घराण्याच्या मुलुखात ‘गद्धेगाळ’ नावाचे दगड विपुल सापडतात. वर चंद्र-सूर्य, मध्ये दानाचा लेख, आणि खाली एक अश्लील शापचित्र : जो कोणी हे दान मोडील त्याच्या आईविषयी गाढवाची गाळ. विद्यार्थ्यांना हे दगड दाखवताना मार्गदर्शक हमखास अडखळतात.

पण या दगडाची रचना नीट पाहा. राजा जिवंत आहे तोवर त्याचे दान मोडण्याची कोणाची छाती नाही. दगड बोलतो आहे तो राजा गेल्यानंतरच्या काळाशी, पुढच्या राजाशी, पुढच्या अधिकाऱ्याशी. म्हणजे जिथे राजाचा हात पोचत नाही तिथे साक्षीला चंद्र-सूर्य बोलावले आहेत आणि धाकाला शिवी. सत्तेला आकाशाचा आधार लागतो तो तिच्या भरभराटीच्या जागी नव्हे, तिची शक्ती जिथे संपते त्या कडेला. हा मुद्दा लक्षात असू द्या.

आता मराठा काळ. वतनाचा तंटा आहे. पाटीलकी कोणाची, यावर दोन घराणी भांडत आहेत. कागद जळाले किंवा बनावट निघाले, साक्षीदार उलटसुलट बोलत आहेत. गोतसभा बसते, महजर होतो, तरीही निवाडा लागत नाही. मग ‘दिव्य’. उकळत्या तेल-तुपातून धातूचा तुकडा हाताने काढायचा, याला ‘रवा काढणे’ म्हणत. हात पिशवीत बांधून त्यावर मोहोर करायची आणि ठरल्या दिवशी सर्वांसमक्ष उघडून पाहायचा. हात शाबूत तर दावा खरा. बेलभंडार उचलून केलेली शपथ हा याच मार्गाचा सौम्य प्रकार. इथेही तेच. आधी कागद, मग साक्षी, मग गोत, आणि माणसाची अक्कल खुंटली की सरतेशेवटी देव. आपले पूर्वज पहिल्याच पायरीला देवाला त्रास देत नसत.

राजपदाचे काय? ६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवाजी महाराजांना राज्याभिषेक झाला. त्याआधी काही दिवस त्यांची मुंज करावी लागली. पुढे सप्टेंबरमध्ये निश्चलपुरींच्या हस्ते तांत्रिक पद्धतीने दुसरा अभिषेकही झाला. गड, फौज, महसूल, न्याय हे सारे अभिषेकापूर्वीच महाराजांच्या हाती होते. अभिषेकाने मिळाली ती मान्यता. पण मान्यता देणारा हात तीच मान्यता रोखूही शकतो. याचा अनुभव सव्वादोनशे वर्षांनी कोल्हापुरात छत्रपती शाहू महाराजांना आला. १८९९ मध्ये पंचगंगेवर स्नानाच्या वेळी आपल्यासाठी वेदोक्त नव्हे, पुराणोक्त मंत्र म्हटले जात आहेत, हे त्यांच्या ध्यानात आले आणि वेदोक्त प्रकरण पेटले. राजाचा अधिकार इथे नास्तिकाने नाकारलेला नाही. देवाच्या वतीने बोलणाऱ्याने नाकारला आहे. शाहू महाराजांनी उत्तर दिले ते राजोपाध्यांचे इनाम जप्त करून!

म्हणून ‘ईश्वर मानला की सत्ता स्थिर’ हे समीकरण आपल्या इतिहासात सरळ बसत नाही. जोतीराव फुले यांचे उदाहरण तर आणखी बोलके आहे. ते नास्तिक नव्हते. ‘निर्मिक’ मानणारे होते. निर्मिकाने सर्व मानव समान निर्माण केले, तेव्हा भटशाहीचा अधिकार खोटा, ही त्यांची मांडणी. २४ सप्टेंबर १८७३ ला स्थापलेला सत्यशोधक समाज याच पायावर उभा होता. ईश्वराचे नाव घेऊनच त्यांनी अधिकाराला सुरुंग लावला.

त्याच १८७३ साली हिंदुस्थानात एक कायदा झाला, ज्याकडे आपले लक्ष फारसे जात नाही : शपथांचा कायदा. त्याची कथा १८४० पासून सांगावी लागते.

कंपनी सरकारच्या न्यायालयांत हिंदू साक्षीदाराला गंगाजलावर आणि मुसलमान साक्षीदाराला कुराणावर शपथ घ्यावी लागे. कल्पना अशी की देवाच्या धाकाने माणूस खरे बोलेल. घडले भलतेच. ही पद्धत अनेकांच्या विवेकाला आणि भावनेला पटेना, आणि त्यामुळे न्यायदानातच अडथळा येऊ लागला. हे कारण १८४० च्या पाचव्या कायद्याच्या प्रस्तावनेतच नमूद आहे. त्या कायद्याने गंगाजल आणि कुराण बाजूला ठेवून, सर्वशक्तिमान ईश्वराच्या समक्ष गांभीर्याने कथन करण्याची मुभा दिली. नंतर १८७३ च्या कायद्याने पुढचे पाऊल टाकले. साक्षीदार हिंदू वा मुसलमान असेल, किंवा ज्याची शपथेला हरकत असेल, त्याने शपथेऐवजी केवळ दृढकथन करावे. कारण कोणीही असो, हरकत पुरेशी.

यातली गंमत अशी की शपथेतून सुटण्याची वाट आपल्याकडे प्रथम उघडली ती नास्तिकांसाठी नव्हे. जे शपथ इतकी मनावर घेत की ती न्यायालयाच्या चव्हाट्यावर घ्यायला नकार देत, अशा श्रद्धावंतांसाठी ती उघडली. आणि मग त्याच वाटेने नास्तिकही आत आला.

इंग्लंडात मात्र हे इतके सहज झाले नाही. जॉन लॉक हा सहिष्णुतेचा मोठा पुरस्कर्ता. पण १६८९ च्या आपल्या सहिष्णुतेवरील पत्रात त्यानेही निरीश्वरवाद्यांना वगळले. त्याचे कारण थोडक्यात असे : वचन, करार, शपथ ही समाजाची बंधने आहेत आणि ईश्वर न मानणाऱ्यावर ती पकड घेऊ शकत नाहीत. आपल्या मूळ प्रश्नाचे याहून धारदार रूप सापडणे कठीण.

या तर्काची कसोटी लागली चार्ल्स ब्रॅडलॉच्या प्रकरणात. उघड निरीश्वरवादी असलेले ब्रॅडलॉ १८८० मध्ये नॉर्दम्प्टनहून पार्लमेंटवर निवडून आले. शपथेऐवजी दृढकथन करू द्या, अशी त्यांची मागणी. ती फेटाळली गेली. मग शपथ घेतो म्हणाले, तर सभागृह म्हणाले की तुमच्या तोंडी शपथेला अर्थ नाही. एकदा तर त्यांना पार्लमेंटच्याच घड्याळ-मनोऱ्यात अटकेत ठेवले. जागा रिकामी होई, पोटनिवडणूक होई आणि नॉर्दम्प्टनचे मतदार पुन्हा त्यांनाच निवडून देत. असे सहा वर्षे चालले. १८८६ मध्ये नव्या सभापतींनी हस्तक्षेप होऊ दिला नाही आणि ब्रॅडलॉ शपथ घेऊन बसले. १८८८ मध्ये त्यांच्याच प्रयत्नाने शपथेऐवजी दृढकथनाचा हक्क देणारा कायदा झाला. विचार करा : अधिकार कोठून येतो या प्रश्नाला नॉर्दम्प्टनच्या मतदारांनी पुन्हा पुन्हा मतपेटीतून उत्तर दिले होते. ते ऐकायला सभागृहालाच वेळ लागला.

हे ब्रॅडलॉ आपले परके नव्हेत. हिंदुस्थानचे प्रश्न इतक्या वेळा मांडत की त्यांना ‘हिंदुस्थानचे सभासद’ म्हणत. डिसेंबर १८८९ मध्ये मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला ते स्वतः आले. अध्यक्ष सर विल्यम वेडरबर्न, आणि प्रतिनिधींची संख्या नेमकी १८८९! ज्या सभासदाची शपथ खोटी ठरवली गेली होती, त्याच्याच भरवशावर हजारो श्रद्धाळू हिंदू, मुसलमान, पारशी आपले गाऱ्हाणे पार्लमेंटपुढे पाठवत होते. सुमारे वर्षभराने, जानेवारी १८९१ मध्ये, ते वारले. लंडनमधील हिंदी माणसे अंत्यविधीला गेली, त्यांत एक तरुण विद्यार्थी होता मोहनदास गांधी. परतताना स्टेशनवर एका निरीश्वरवाद्याने एका पाद्र्याची खिल्ली उडवलेली पाहून आपला निरीश्वरवादाबद्दलचा दुराग्रह वाढला, असे गांधीजींनी आत्मचरित्रात लिहिले आहे. तरीही अंत्यविधीला ते गेले होते, हे विसरू नये.

त्याच सुमारास पुण्यात काय चालले होते?

१५ ऑक्टोबर १८८८ ला गोपाळ गणेश आगरकरांनी ‘सुधारक’ सुरू केला. आगरकर मिल आणि स्पेन्सर पचवलेले अज्ञेयवादी. धर्मकल्पनांचा उगम भीती, अज्ञान, पूर्वजपूजा यांत शोधणारे. त्यांच्यावरचा मुख्य आक्षेप आपल्या परिचयाचा आहे : शास्त्र गेले, परलोक गेला, मग माणसाने नीतीने का वागावे आणि वडीलधाऱ्यांचे, कायद्याचे का ऐकावे? आगरकरांच्या उत्तराचा गाभा असा की नीती ही मनुष्याच्या सहवासातून, परस्परांच्या सुखदुःखाच्या अनुभवातून उपजते. धर्म तिला नंतर आपल्या पंखाखाली घेतो. म्हणून कोणताही आचार, मग तो घरातला असो वा राज्यातला, बुद्धीला आपले कारण सांगू शकला पाहिजे.

हे केवळ वाद घालण्यापुरते नव्हते. संमतिवयाचा कायदा आला तेव्हा त्याची परीक्षा झाली. मुलीचे संमतिवय दहावरून बारा करण्याचा हा १८९१ चा कायदा. डॉ. भांडारकरांसारखे सुधारक शास्त्राधार देऊन त्याचे समर्थन करीत. टिळकांचा विरोध मुख्यतः असा की परक्या सरकारला आमच्या धर्माचारात हात घालण्याचा अधिकार नाही. आगरकरांची भूमिका दोन्हींहून वेगळी पडते. शास्त्र अनुकूल निघाले तर कायदा योग्य आणि प्रतिकूल निघाले तर अयोग्य, हे त्यांना मान्यच नव्हते. बालिकेच्या यातना हेच कायद्याचे पुरेसे कारण.

इथे माझे मत स्पष्ट सांगतो. टिळकांचा आक्षेप हलका नव्हता. कायदा हिताचा असला तरी तो करणाऱ्याला आपण नेमलेले नाही, ही अडचण खरीच आहे, आणि आगरकरांचे बुद्धिप्रामाण्य ती पूर्णपणे सोडवत नाही. ‘काय योग्य’ हे बुद्धी सांगेल. ‘ते लादण्याचा हक्क कोणाला’ हे वेगळे विचारावे लागते. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देव देत नाही आणि नुसती बुद्धीही देत नाही.

आता वचनाची गोष्ट. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य वीस वर्षे अल्प वेतनावर सेवा करण्यास बांधलेले असत. लॉकच्या म्हणण्याप्रमाणे या बंधनाची पकड आगरकरांवर बसायला नको होती. प्रत्यक्षात दम्याने पोखरलेल्या शरीराने ते मरेपर्यंत तिथे राबले. १८९२ पासून फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य होते आणि १७ जून १८९५ ला, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, गेले. टिळकांनी १८९० मध्ये राजीनामा दिला. पण त्यातून ‘आस्तिकाने वचन मोडले’ असा सोपा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. इतर सदस्य बाहेरून मिळकत करून मूळ व्रतच सैल करत आहेत, हे टिळकांचे गाऱ्हाणे होते. म्हणजे दोघेही वचनासाठीच भांडत होते, आणि त्या भांडणाची रेघ आस्तिक-नास्तिक अशी पडलीच नव्हती.

पुण्याने आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. त्याच पुण्यातील आईबापांनी मुलांना त्यांच्या हाताखाली शिकायलाही पाठवले. घरात पत्नी यशोदाबाईंच्या व्रतवैकल्यांना त्यांनी आडकाठी केली नाही, असे सांगतात. नवरेपणाचा अधिकार त्या काळी शास्त्राने दिलेला होता. शास्त्र नाकारणाऱ्याने तोही वापरला नाही, हे मला त्यांच्या अनेक लेखांपेक्षा मोठे वाटते.

आणि टिळक? २२ जुलै १९०८ च्या रात्री मुंबई उच्च न्यायालयात ज्यूरीने बहुमताने दोषी ठरवल्यावर त्यांनी जे सांगितले, ते आज त्या न्यायालयात संगमरवरी फलकावर कोरलेले आहे. त्याचा आशय असा की न्यायासनाहून वरच्या शक्ती जगाची सूत्रे हलवतात, आणि मी निर्दोष आहे. पाठोपाठ सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि ती त्यांनी मंडालेत भोगली. साम्राज्याच्या न्यायासनाला उघड्या न्यायालयात सर्वांत खोल धक्का दिला तो एका निस्सीम आस्तिकाने, ईश्वरी सत्तेचाच हवाला देऊन. ईश्वरश्रद्धेने सत्ता बळकट होते म्हणणाऱ्यांनी हा फलक जरूर वाचावा.

आता संविधानसभा. इथे प्रश्न थेट पटलावर आला, तोही दोनदा.

पहिल्यांदा डिसेंबर १९४८ मध्ये, राष्ट्रपतींच्या शपथेच्या निमित्ताने. मसुद्यातील शपथेत ईश्वराचे नाव नव्हते. ते असावे, अशी दुरुस्ती आली. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारताना दिलेले कारण वाचण्यासारखे आहे. त्यांचे म्हणणे असे : ज्या कर्तव्यांमागे कायद्याचा दंड नाही, केवळ नैतिक बंधन आहे, ती पाळण्यासाठी काहींना ईश्वराच्या नावाचा आधार लागतो. काहींना आपले गंभीर वचनच पुरते. दोघांनाही वाव असावा. गद्धेगाळाची आठवण झाली ना? दंड पोचत नाही त्या कडेवरचाच हा प्रश्न. फक्त या वेळी कडेवर उभा आहे स्वतः सत्ताधारी, कारण राष्ट्रपतीला शब्द पाळायला लावणारा वर कोणी राजा नाही.

दुसऱ्यांदा १७ ऑक्टोबर १९४९ ला, उद्देशिकेच्या चर्चेत. मध्य प्रांत-वऱ्हाडचे सदस्य ह. वि. कामत यांनी सुचवले की उद्देशिकेचा आरंभ ईश्वराच्या नावाने व्हावा. सभागृहात बहुसंख्य माणसे श्रद्धाळू होती. तरीही अडचण झाली. एका सदस्याने विचारले, देवच का, देवी का नको? हृदयनाथ कुंझरूंनी दाखवून दिले की ही सक्ती श्रद्धेच्या स्वातंत्र्याशीच विसंगत ठरेल. पूर्णिमा बॅनर्जींनी विनवले की ईश्वराला मतदानाला लावू नका. कामत हटले नाहीत. मतमोजणी झाली : बाजूने ४१, विरुद्ध ६८. कामतांनी तो दिवस काळा म्हणून नोंदवला.

ज्यांनी विरुद्ध मत दिले ते सारे नास्तिक होते असे कोणीही म्हणणार नाही. त्यांनी ईश्वर नाकारला नाही. या राज्याचा अधिकार कोणाच्या नावाने चालेल, एवढेच त्यांनी ठरवले. ‘आम्ही भारताचे लोक’ हे कर्तृपद पुरेसे आहे, हा त्या ६८ मतांचा अर्थ. आगरकर-टिळक वादात जो प्रश्न अर्धा राहिला होता, म्हणजे कायदा लादण्याचा हक्क कोणाला, त्याचे उत्तर इथे मिळाले. टिळकांचा आक्षेप आणि आगरकरांची कसोटी, दोन्हींना त्या एका कर्तृपदात जागा आहे.

पण आंबेडकर इथेच थांबले नाहीत. पुढच्याच महिन्यात, २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात, त्यांनी इशारा दिला की धर्मात भक्ती मुक्तीचा मार्ग असेल, राजकारणात मात्र विभूतिपूजा अधोगतीकडे आणि हुकूमशाहीकडे नेते. वारकऱ्यांच्या महाराष्ट्रात, विठ्ठलाच्या नावाने वस्त्याच काय, रेल्वेचे स्थानकही ओळखले जाते अशा मुलुखात, हा इशारा नीट समजून घेतला पाहिजे. देव हटवून रिकाम्या झालेल्या सिंहासनावर माणूस चढून बसेल, ही त्यांची भीती होती. नास्तिकतेबद्दलची सर्वांत सबळ शंका हीच आहे, आणि विसाव्या शतकाने तिचे दाखले दिले आहेत. निरीश्वर म्हणवणाऱ्या राजवटींनी पुढाऱ्यांची देवळे बांधली.

या शंकेला आंबेडकरांनी दिलेले उत्तर आगरकरांपेक्षा वेगळे आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांतल्या पहिल्या काही जुन्या देवदेवतांना नाकारणाऱ्या आहेत. पुढे चोरी करणार नाही, खोटे बोलणार नाही, दारू पिणार नाही, अशा आचरणाच्या. एवढ्या प्रचंड समुदायाने एकाच वेळी घेतलेली, आणि जिच्यात कोणत्याही ईश्वराला साक्षी ठेवलेले नाही, अशी ही शपथ होती. तिच्यामागे दंड नाही, कोप नाही, परलोकीचे बक्षीस नाही. मोडली तर जाब विचारणार कोण? शेजारी उभा असलेला, तीच प्रतिज्ञा घेतलेला माणूस.

१९५७ मध्ये त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात ही मांडणी तर्काने येते. ईश्वराच्या जागी नीती आहे, आणि ती माणसाने माणसावर प्रेम करण्याच्या गरजेतून उपजते, म्हणून तिला ईश्वरी मान्यतेची गरज नाही. इथपर्यंत आगरकर मान डोलावतील. पुढे मात्र आंबेडकर म्हणतात की नुसती नीती पुरत नाही. ती पवित्रही असली पाहिजे आणि सार्वत्रिकही, नाहीतर प्रत्येक जमात आपापल्या सोयीची नीती करील आणि दुबळा उघडा पडेल. बुद्धीच्या पलीकडचे, उल्लंघू नये असे काहीतरी समाजाला लागते, हे त्यांनी मान्य केले. ते आकाशात असावे लागते, हे मात्र मानले नाही. आगरकरांना ‘पवित्र’ हा शब्द खटकला असता, असे मला वाटते. आणि तरीही आंबेडकरांची नजर इथे अधिक खोल गेली आहे, कारण बहुसंख्यांच्या ‘बुद्धीने’ ठरवलेल्या रूढीखाली भरडले जाणे म्हणजे काय, हे त्यांनी अंगावर सोसले होते.

एक शेवटची नोंद. १८७३ च्या कायद्यात एक कलम मागे राहिले होते. दाव्यातील एका पक्षाने म्हणायचे, ‘समोरच्याने त्याच्या श्रद्धेतली अमुक शपथ घेऊन सांगितले तर मी मान्य करतो’, आणि तशी शपथ घेतली गेली की ते कथन निर्णायक पुरावा ठरे. बेलभंडाराचाच हा कायदेशीर वारस. स्वतंत्र भारतातही तो दोन दशकांहून अधिक काळ पुस्तकात होता. १९६९ च्या शपथ अधिनियमाने तो जुना कायदा रद्द केला आणि ही तरतूदही गेली. संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत मात्र ‘ईश्वरसाक्ष शपथ’ आणि ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन’ हे दोन पर्याय आजही शेजारी शेजारी आहेत. पुढच्या वेळी विधानसभेचा शपथविधी लागला की कान देऊन ऐका, कोण कोणता पर्याय निवडतो ते. आणि मग त्या प्रत्येकाची पाच वर्षांची हजेरी, प्रश्न आणि मते काढून पाहा. कागद सगळे उपलब्ध आहेत.